घरच्या बागेतले टोमॅटो: वाण निवडण्यापासून फळ पिकेपर्यंत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टोमॅटो लावणाऱ्याला पहिले दीड-दोन महिने फारसे प्रश्न पडत नाहीत. रोप वाढत असतं, पिवळी फुलं येतात, सगळं छान चाललेलं असतं. घालमेल सुरू होते ती फळ धरल्यावर. हिरवं फळ रोज बघायचं, आज रंग फिरला का, उद्या फिरेल का, आणि ते जागचं हलत नाही. म्हणून खाली पिकण्याबद्दल जरा जास्त लिहिलंय, लागवडीबद्दल गरजेपुरतंच.

पहिल्यांदाच लावतोय, कुठला वाण घेऊ?

आधी खायचा कसा ते ठरवा. येता-जाता तोंडात टाकायला चेरी टोमॅटो, सॉस करायला रोमा किंवा सान मार्झानो (गर जाड, पाणी आणि बिया कमी), आणि जाड चकत्या कापून खायला ब्रँडीवाइन, चेरोकी पर्पल, ब्लॅक क्रिम असे मोठ्या फळांचे जुने वाण. या मोठ्यांची चव खरंच वेगळी असते, पण त्यांना वेळ जास्त लागतो, फळं मोजकी येतात आणि हवा जरा बिघडली की आधी तेच रुसतात. चेरी मात्र जवळजवळ कधीच निराश करत नाही. माझं ऐकाल तर पहिल्या वर्षी एक चेरी, एक मध्यम आकाराचा आणि हौस म्हणून एकच मोठा लावा, पाच-सहा मोठे लावून वाट बघत बसू नका.

दुसरं म्हणजे झाडाची वाढ बघा. काही वाण मर्यादित वाढीचे असतात, रोमा त्यातलाच, झाड कमरेएवढं होऊन थांबतं आणि बरीचशी फळं दोन-तीन आठवड्यांत एकदम येतात. बाकीचे वेलासारखे वाढतच राहतात, माणसापेक्षा उंच जातात आणि थंडीने किंवा रोगाने झाड जाईपर्यंत थोडी-थोडी फळं देतात. सॉस एकदाच करून ठेवायचा असेल तर पहिला प्रकार सोयीचा, रोज चार फळं हवी असतील तर दुसरा.

पाकिटावर ७५ दिवस लिहिलंय, मला पेरून ८० झाले, अजून काहीच नाही?

ते दिवस बी पेरल्यापासून मोजायचे नसतात, रोप बाहेर जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत लावलं तिथून मोजायचे असतात. त्याआधीचे ६ ते ८ आठवडे वेगळे. शिवाय तो आकडा चांगल्या हवेतला असतो, म्हणून त्याच्याकडे फक्त तुलना करायला बघा. चेरी साधारण ५५ ते ६५ दिवसांत सुरू होतो, मध्यम ६५ ते ७५, आणि मोठे वाण ८० ते ९०. म्हणजे शेजारी लावलेल्या चेरीची फळं खाऊन झाली तरी ब्रँडीवाइन हिरवाच असेल तर त्यात काही चुकलेलं नाही.

बी पेरताना आणि रोप लावताना काय सांभाळायचं?

बी अर्धा सेंटीमीटर खोल, माती ओलसर आणि उबदार. २१ ते २९ अंशात असली तर ५ ते १० दिवसांत उगवतं. उगवल्या-उगवल्या भरपूर उजेड द्या नाहीतर रोप लांबुडकं होतं. झालंच लांबुडकं तरी टाकू नका, टोमॅटोच्या खोडाला जिथे माती लागेल तिथे मुळं फुटतात, त्यामुळे खालची पानं काढून खोड अर्ध्याहून जास्त मातीत गाडलं तरी चालतं, उलट झाड जास्त भक्कम होतं. वांगं, मिरची, बटाटा हे सगळे याच कुळातले, तेव्हा गेल्या वर्षी ती जिथे होती ती जागा शक्यतो टाळा, मातीतले रोग सारखेच असतात. पाकिटावर व्ही, एफ, एन अशी अक्षरं दिसली तर तो वाण व्हर्टिसिलियम आणि फ्युजेरियम या मर रोगाच्या बुरशी आणि मुळांवरचे सूत्रकृमी यांना बऱ्यापैकी तोंड देतो असा अर्थ, मातीत आधी मर रोग येऊन गेला असेल तर ही अक्षरं बघूनच घ्या.

कुंडीत येतो का?

येतो की. मर्यादित वाढीच्या वाणाला साधारण २० लिटरची कुंडी, उंच वाढणाऱ्याला ४० लिटर किंवा त्याहून मोठी. टायनी टिमसारखे अगदी बुटके वाण ५ लिटरच्या कुंडीतही फळं देतात. लहान कुंडीत मोठा वाण लावला की माती सकाळी ओली, दुपारी कोरडी असं होत राहतं, आणि पुढे जे बूड काळं पडणं, फळ तडकणं येतं त्याचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं.

बगलफुटी काढायच्या का?

मर्यादित वाढीच्या झाडाच्या काढू नका, तुमचीच फळं कमी होतील. उंच वाढणाऱ्याच्या पान आणि खोडाच्या बेचक्यातून निघणाऱ्या फुटी बोटाएवढ्या असतानाच मोडा, एक किंवा दोन मुख्य खोडं ठेवा. सगळ्या ठेवल्या तर फळं जास्त लागतात पण लहान राहतात आणि उशिरा पिकतात, झाडात हवा खेळत नाही म्हणून करपाही लवकर येतो.

फुलं येतात आणि गळून जातात, का?

बहुतेक वेळा तापमान. दिवसा ३२-३५ च्या वर आणि रात्री २४ च्या आसपास किंवा वर असं चार-आठ दिवस राहिलं की पराग निकामी होतो, फळ धरत नाही. रात्र १३ च्या खाली गेली तरी तेच. यावर खत घालून उपयोग नाही, हवा सुधारली की फुलं आपोआप धरतात. तोवर दुपारची सावली आणि वेळच्या वेळी पाणी, एवढंच आपल्या हातात.

हवा बरी असूनही गळत असतील तर झाड आडोशाला आहे का बघा. टोमॅटोचं फूल स्वतःच्याच परागाने फळतं, त्याला फक्त हलवणारं कोणी लागतं, वारा नाहीतर गुणगुणणारी मोठी रानमधमाशी. बंद बाल्कनीत दोन्ही नसतात. सकाळी दहा-अकराच्या सुमाराला फुलांचा देठ बोटाने टिचकी मारून हलवा, किंवा इलेक्ट्रिक टूथब्रश देठाला मागून टेकवा, पिवळी धूळ उडताना दिसते. आणि झाड गडद हिरवं, पानंच पानं, फुलं कमी असं असेल तर नत्र जास्त झालंय, नत्राचं खत थांबवा.

फळं धरून महिना झाला, पूर्ण मोठी झालीत, पण हिरवीच आहेत. काय करू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. पहिली गोष्ट, फूल धरल्यापासून फळ पिकायला ६ ते ८ आठवडे लागतात, चेरीला थोडे कमी. साधारण निम्मा वेळ फळ फक्त आकाराने वाढतं, नंतर बाहेरून काहीच होत नाहीसं दिसतं पण आत काम चालू असतं. खात्री करायची असेल तर एक फळ बळी द्या. धारदार सुरीने मधोमध कापा. बियांभोवती घट्ट हिरवट गर असेल आणि सुरीने बियाही कापल्या गेल्या तर फळ अजून कोवळं आहे. पण आत गिळगिळीत जेलीसारखं झालं असेल आणि बिया सुरीखालून निसटून बाजूला सरकल्या, एकही कापली गेली नाही, तर त्या घोसातली त्याच आकाराची बाकीची फळं पक्व झालीत, थोड्या दिवसांत रंग फिरणार. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा एक फळ वाया गेलं म्हणून जिवावर आलं होतं, पण त्यानंतर उगाच खत घालणं आणि पाणी वाढवणं बंद झालं, त्यामानाने एक फळ काहीच नाही.

दुसरी गोष्ट उष्णता. लोक म्हणतात ऊन वाढलं की पिकेल. टोमॅटोला पिकायला २० ते २५ अंश सगळ्यात मानवतं. ३० च्या वर गेलं की लाल रंग देणारं लायकोपीन बनणं मंदावतं, पिवळा-केशरी रंग मात्र बनत राहतो, म्हणून कडक उन्हाळ्यात फळं बरेच दिवस हिरवी राहून शेवटी केशरटच होतात. आणि १० च्या खाली पिकणं जवळजवळ थांबतं. तेव्हा आधी थर्मामीटर बघा, मग झाडाला दोष द्या.

तिसरी, झाड अजून वाढायच्या नादात असेल. थंडी पडायला महिनाभर उरला असेल तर उंच वाढणाऱ्या वाणाचा शेंडा खुडा आणि नवी फुलं काढून टाका, जी आता धरून पिकणारच नाहीत त्यांच्यावर झाडाची ताकद कशाला खर्च करायची.

पानं काढून फळांवर ऊन पाडलं तर लवकर पिकतात का?

नाही, हे करू नका. पिकायला उजेड लागतच नाही. साखर पानांत तयार होते, ती काढली की गोडी जाते, आणि एकदम उघडं पडलेलं फळ उन्हाने भाजतं, एका बाजूला पांढरट कागदासारखा डाग पडतो. खालची पिवळी, मातीला टेकलेली पानं मात्र जरूर काढा.

लाल होत नाही अशा वाणाचं फळ पिकलंय हे कसं ओळखायचं?

लाल सोडून कुठलाही वाण लावला असेल तर हे लक्ष देऊन वाचा, कारण चांगली फळं इथेच वाया जातात.

हिरवा: ग्रीन झेब्रासारखा वाण पिकल्यावरही हिरवाच असतो. हा टोमॅटोचे नवे वाण तयार करणाऱ्या टॉम वॅग्नर यांनी १९८३ साली आणला. यात गडद आणि फिके असे दोन पट्टे असतात, कच्चा असताना फिका पट्टा पांढुरका-हिरवा असतो आणि पिकला की तोच मधाळ पिवळा होतो. मी पहिल्या वर्षी त्याच्या लाल होण्याची वाट बघत बसलो आणि पहिला अख्खा घोस झाडावर मऊ पडून फुटला, त्याचं वाईट आजही वाटतं. आता रंगाआधी बोट लावतो. फळ खालून तळहातावर घ्यायचं आणि देठाच्या विरुद्ध टोकाला अंगठ्याने हलकं दाबायचं, कच्चं असेल तर लाकडासारखं लागतं, पिकलेलं किंचित दबून परत वर येतं. दाबलेला खळगा तसाच राहिला तर उशीर झाला.

काळे-जांभळट: चेरोकी पर्पल, ब्लॅक क्रिम. यांच्यात लायकोपीन तर बनतंच, पण हिरवं हरितद्रव्य पूर्ण जात नाही, दोन्ही मिळून तो तपकिरी-जांभळा रंग दिसतो. त्यामुळे देठाजवळचे खांदे शेवटपर्यंत हिरवट राहतात. खांदे रंगायची वाट बघू नका, खालचा अर्धा भाग गडद झाला आणि बोटाला मऊ लागला की काढा. हे वाण जास्त पिकले की फार पटकन पिठूळ होतात.

निळे-जांभळे: ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीत तयार झालेला इंडिगो रोज घ्या. याचा जांभळा रंग ऊन लागलेल्या बाजूलाच येतो आणि फळ कच्चं असल्यापासूनच येतो, त्यामुळे तो रंग बघून काहीच कळत नाही. फळ उलटं करून सावलीतली बाजू बघा. तिथला हिरवा जाऊन लाल आला आणि वरची चकाकी मंदावली की झालं.

पिवळे-केशरी: सन गोल्ड पिवळा झाला की लोक तोडतात, तो अजून आंबट असतो. चांगला गडद केशरी होऊ द्या, एकदा तसा खाल्लात की पिवळा परत तोडणार नाही.

गुलाबी: ब्रँडीवाइन लाल होत नाही म्हणून काळजी नको. लाल टोमॅटोची साल पिवळसर असते, गुलाबी वाणाची बिनरंगी, आतला गर दोन्हीकडे लालच. साल सोलून उजेडात धरून बघा, फरक लगेच दिसतो.

झाडावरच पूर्ण पिकू द्यायचं की आधी काढायचं?

माझं स्पष्ट मत, पाडाला आलं की काढा. म्हणजे बुडाशी पहिला गुलाबी-पिवळा डाग दिसला, फळाच्या दहाव्या हिश्शाएवढा, की ते पाडाला लागलं. इथपर्यंत झाडाने जे द्यायचं ते बहुतेक देऊन झालेलं असतं, आणि फळ आता स्वतःच इथिलीन वायू सोडायला लागलेलं असतं, त्याच वायूने पुढचं पिकणं होतं. घरात, साधारण २० अंशाला, आठवडाभरात ते पूर्ण रंगतं आणि चवीत फारसा फरक पडत नाही. उलट झाडावर ठेवलं तर पक्षी, अळी, एखादा जोराचा पाऊस, काहीही आड येतं.

चेरी याला अपवाद. चेरी पूर्ण पिकूनच तोडा, तो उन्हात गरम असताना झाडाखालीच खाण्यासारखा असतो. आणि पाडाला यायच्या आधी तोडलेलं पूर्ण हिरवं फळ घरात लाल होईलही, पण त्याला ती गोडी येत नाही.

घरात पिकवताना खिडकीत ठेवू का? केळं ठेवायचं असतं ना?

खिडकीच्या उन्हात नको, फळ एका बाजूने तापतं आणि रंग डागाळतो. टोपलीत किंवा खोक्यात एकाच थरात, एकमेकांना न चिकटता, देठाची बाजू खाली करून ठेवा, म्हणजे देठाच्या जागेतून ओल कमी उडते. रोज एक नजर टाका आणि डागाळलेलं लगेच बाजूला काढा, एक सडलं की शेजारची पण जातात.

घाई असेल तर कागदी पिशवीत पिकलेलं केळं किंवा सफरचंद घालून तोंड सैल दुमडा. केळ्यातून इथिलीन निघतं, पिशवीत ते साठतं. प्लॅस्टिकची पिशवी मात्र घेऊ नका, आत पाणी सुटतं आणि बुरशी येते. उलट सगळी फळं एकदम नको असतील तर १३ ते १५ अंशाच्या गार खोलीत ठेवा, तिथे ती हळूहळू पिकतात.

फ्रीजमध्ये ठेवलं तर?

न पिकलेलं कधीच नाही. १० ते १२ अंशांच्या खाली कच्च्या फळाला थंडी बाधते, मग ते बाहेर काढूनही नीट पिकत नाही, ठिपके पडतात. पिकलेलंही शक्यतो बाहेरच ठेवा. फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं की ५ अंशाला आठवडाभर ठेवलेल्या टोमॅटोत वास तयार करणारी जनुकं मंदावतात आणि फळ बाहेर काढल्यावरही तो वास पूर्ण परत येत नाही. अगदी मऊ झालंय आणि उद्यापर्यंत टिकणार नाही, तेव्हाच एक-दोन दिवस फ्रीज, आणि खायच्या आधी बाहेर काढून ठेवा.

देठाजवळ हिरवं किंवा पिवळं कडक राहतं, बाकी लाल. रोग आहे का?

रोग नाही. काही जुन्या वाणांचे खांदे कच्चे असताना गडद हिरवे असतात, ते उशिरा रंगतात, हा त्यांचा गुणच आहे. गंमत म्हणजे एकसारखे रंगणारे टोमॅटो निवडत-निवडत आलेल्या आधुनिक वाणांत याच खांद्यांचं जनुक बिघडलेलं असतं, आणि त्यासोबत फळातली थोडी साखरही गेली हे २०१२ साली संशोधनातून समोर आलं. म्हणजे हिरव्या खांद्यांचा राग धरू नका. पण पिकल्यावरही तिथे पिवळं आणि आत पांढरं, कडक राहत असेल तर कारण तीव्र उष्णता किंवा पालाशची (पोटॅशियमची) कमतरता, दुपारची सावली आणि पालाशयुक्त खत यांनी पुढच्या घोसात फरक पडतो.

फळाचं बूड काळं पडतं, अंड्याची टरफलं घालू का?

टरफलांनी आत्ता काही होणार नाही, ती कुजायला फार वेळ घेतात. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचत नाही म्हणून हे होतं, आणि बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम असतंच, ते वाहून नेणारं पाणी कधी जास्त कधी कमी मिळतं. माती कायम वाफशावर, म्हणजे ओलसर पण चिखल नाही अशी ठेवा, दोन बोटं आत घालून बघा आणि कोरडी लागली की पाणी द्या, वर वाळक्या पानांचं आच्छादन घाला. रोमा, सान मार्झानो अशा लांबट वाणांना हे जास्त होतं, चेरीला क्वचितच. काळं झालेलं फळ काढून टाका, पुढचे घोस सहसा चांगले येतात.

पिकता-पिकता फळं तडकतात?

कोरड्या मातीला एकदम भरपूर पाणी मिळालं की आतला गर सालीपेक्षा जोरात फुगतो. सन गोल्ड यात फारच नाजूक. जोराचा पाऊस येणार असं दिसलं की पाडाला आलेली सगळी फळं आदल्या दिवशीच काढून घरात आणा.

पाणी कमी दिलं तर गोड होतात असं ऐकलं?

थोडं खरं आहे. फळं रंगायला लागल्यावर पाणी किंचित कमी केलं तर गोडी आणि आंबटपणा दोन्ही उठून येतात. पण झाड कोमेजेपर्यंत पाणी तोडू नका, आणि कुंडीत हा प्रयोग करूच नका.

थंडी आली आणि झाडावर खूप हिरवी फळं आहेत, आता?

थंडी पडायच्या आदल्या दिवशी पक्व झालेली सगळी काढा. ओळखायला सोपं, कोवळं फळ मंद, मॅट दिसतं, पक्व झालेलं फिकट आणि चकचकीत होतं. ही घरात पिकतात. जमलं तर अख्खं झाड मुळासकट उपटून, माती झटकून, कोरड्या खोलीत उलटं टांगा, फळं घोसावरच सावकाश रंगत जातात. अगदी कोवळी राहिली ती शिजवून खा. कच्च्या फळात टोमॅटिन नावाचं थोडं विषारी द्रव्य असतं, पिकताना ते खूप कमी होतं. एखाद-दुसऱ्या वेळच्या खाण्याने काही होत नाही, पण पानं आणि खोड मात्र खाऊ नका.

विकत आणलेल्या टोमॅटोचं बी लावलं तर येईल का? आणि स्वतःचं बी कसं ठेवायचं?

येईल, पण ते फळ बहुतेक हायब्रीड असतं, त्यामुळे झाडाला तेच फळ येईल याची हमी नाही. सन गोल्डचंही तसंच, तोही हायब्रीडच. जुन्या सरळ वाणांचं, म्हणजे ब्रँडीवाइन, चेरोकी पर्पल, सान मार्झानो यांचं बी ठेवता येतं. निरोगी झाडावरचं चांगलं पिकलेलं फळ घ्या, बिया जेलीसकट वाटीत काढा, थोडं पाणी घालून २ ते ४ दिवस तसंच ठेवा. वर पांढरी साय येईल, वासही येईल, घाबरू नका, बीवरचं चिकट आवरण असंच सुटतं. मग धुवा, तरंगणाऱ्या पोचट बिया ओतून टाका, खाली बसलेल्या बशीत पसरून सावलीत वाळवा, कागदावर टाकल्या तर चिकटून बसतात. कोरड्या, थंड जागी ४-५ वर्षं टिकतात. डबीवर वाणाचं नाव आणि वर्ष त्याच दिवशी लिहा, कारण ब्रँडीवाइनचं बी आणि चेरोकी पर्पलचं बी शेजारी ठेवलं तर डोळ्यांना काही फरक दिसत नाही.